पोरांची झोप सकाळी लावायची असते

सांगलीत शाळेची पोरं ने-आण करायला लागून मला २२ वर्षं झाली. आधी रिक्षा होती, आता व्हॅन आहे. पोरं मामा म्हणतात, पोरांच्या आयाही मामाच म्हणतात. ज्यांना मी पहिलीत हाताला धरून शाळेच्या फाटकात सोडायचो, त्यातल्या दोघींची पोरं आता माझ्याच गाडीत बसतात. एवढ्या वर्षांत रोज दोन वेळा मी एक गोष्ट बघत आलोय, ती म्हणजे पोरांची झोप. आरशात दिसते ती. खिडकीला डोकं टेकून कोण गेलंय, कुणाचं तोंड उघडं आहे, कोण दप्तराला मिठी मारून पेंगतंय, सगळं.

घरी मंडळी अंगणवाडीत सेविका आहे. त्यामुळं आरशात जे बघतो त्याचं कारण मला रात्री जेवताना कळतं. ती ट्रेनिंगला जाऊन आली, डॉक्टरांशी बोलून आली, की माझी शिकवणी सुरू. दोन पोरं आम्ही वाढवली, गेल्या वर्षी थोरली बाळंतपणाला आमच्याकडं होती, म्हणजे नातवाचाही अनुभव ताजा आहे.

"मामा, हा रात्री साडेदहा-अकराशिवाय झोपतच नाही ओ, काय करू?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. गाडी चालू ठेवून अर्ध्या मिनिटात काय सांगणार? म्हणून हे लिहायला घेतलं. माझं म्हणणं एवढंच की रात्री झोपवायची खटपट कमी करा आणि सकाळी उठवायची जास्त.

आधी हिशोब करा

मंडळीनं स्वयंपाकघराच्या दाराला एक कागद चिकटवलाय. पाच वर्षांखालच्या पोरांचे आकडे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दिले ते, आणि मोठ्यांचे अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संस्थेनं २०१६ मध्ये दिलेले. पहिले तीन महिने दिवसाला १४ ते १७ तास. चार महिन्यांपासून वर्षापर्यंत १२ ते १६. एक-दोन वर्षांचं पोर ११ ते १४, तीन-चार वर्षांचं १० ते १३. शाळेतलं, म्हणजे सहा ते बारा वर्षांचं, ९ ते १२ तास. तेरा ते अठरा, ८ ते १०. लहानांच्या आकड्यात दुपारची झोप धरलेली आहे.

आता माझ्या गाडीचा २०२४ च्या आधीचा हिशोब लावा. सव्वासातची शाळा, साडेसहाला मी दारात, म्हणजे पोरगं पावणेसहाला उठवायचं. दुसरीतलं पोर. कमीत कमी नऊ तास म्हटलं तरी पावणेनऊला झोपलेलं पाहिजे. पावणेनऊला आपल्याकडं भाकरी तव्यावर असते.

हे बहुतेक घरांत कधी जमलंच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी पोरांची झोप पुरी होत नाही, शाळेच्या वेळा बदला, असं सुचवलं. मग ८ फेब्रुवारी २०२४ ला जीआर निघाला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. आम्ही गाडीवाले कुरकुरलो, मीही त्यात होतो. मोठी पोरं सातला, लहान नऊला, म्हणजे डिझेल दुप्पट. पण जून उजाडला आणि आरशात फरक दिसला. लहान पोरं सकाळी गाडीत बोलायला लागली. आधी कधी बोलायची नाहीत ओ. मला वाटायचं शाळेला जायचं म्हणून गप्प असतात.

पण खरी गंमत संध्याकाळी झाली.

टाकी आणि घड्याळ

कुपवाड रोडची एक पोरगी आहे, पहिलीतली. सगळ्यात शेवटी उतरते, म्हणून ड्रायव्हरमागच्या सीटवर डावीकडं तिची जागा ठरलेली. शाळा सुटून गाडी निघाली की पाचव्या मिनिटाला तिची मान पडायची. घरी पोचायला पावणेपाच, तोवर अर्धा तास गाढ. तिची आई एक दिवस फाटकात थांबलेली. म्हणाली, "मामा, एक सांगू का, राग मानू नका. हिला गाडीत झोपू देऊ नका. रात्री अकरापर्यंत घर डोक्यावर घेते."

मी मनात म्हटलं, ताई, मी गाडी चालवू का पोरं जागवू? पण घरी सांगितलं तर मंडळी म्हणाली, त्या बाईचं अगदी बरोबर आहे.

तिनं मला समजावलं ते असं. झोपेला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे गच्चीवरची टाकी. पोर सकाळी उठलं की टाकी रिकामी असते आणि जागेपणाच्या प्रत्येक तासाला थोडी थोडी भरते. भरली की झोप येते. संध्याकाळी पाच वाजता अर्धा तास झोपलं म्हणजे खालचा नळ सोडला. आता पुन्हा भरायला अकरा वाजणार. दुसरी गोष्ट म्हणजे अंगातलं घड्याळ. ते उजेडावर लागतं. सकाळी डोळ्यांवर बाहेरचा उजेड पडला की घड्याळ म्हणतं दिवस सुरू, आणि त्यावरून ते रात्रीची वेळ धरतं. सुट्टी म्हणून पोराला नऊपर्यंत पडदे ओढून झोपवलं की घड्याळ मागं पडतं. मग रात्री दहाला तुम्ही दिवा घालवता, आणि पोराच्या अंगात अजून संध्याकाळ असते.

म्हणून पहिलं काम हे. उठायची वेळ एकच ठरवा आणि रविवारीसुद्धा ती तासाभरापेक्षा जास्त हलवू नका. उठल्या उठल्या पोराला दारात, गच्चीवर, अंगणात काढा. दूध तिथंच प्यायला द्या, दात तिथंच घासू दे. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. ढगाळ पावसाळ्यातसुद्धा बाहेरचा उजेड आपल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त असतो. झोप रात्री बिघडली तरी सकाळची वेळ मोडू नका. दोन दिवस पोरगं किरकिर करेल, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपोआप लवकर कलंडतं.

कुपवाडच्या पोरीला मी कामाला लावलं. मिरवणुकीला निशाणवाला असतो तशी तिला पुढं बसवली (मधल्या सीटवर, पट्टा लावून, उगाच कोण बोलायला नको). काम काय, तर रस्त्यावरच्या पाट्या वाचायच्या आणि उसाचे ट्रॅक्टर मोजायचे. डिसेंबरात एका फेरीत १४ ट्रॅक्टर मोजलेत तिनं. घरी गेल्यावर लगेच टीव्हीपुढं न बसवता आईनं सहापर्यंत बाहेर खेळायला सोडायला सुरुवात केली. आठवड्याभरात नऊ-सव्वानऊला झोपायला लागली. आईनं मला डबा भरून भडंग दिलं.

दुपारची झोप वाईट असा अर्थ काढू नका. दीड-दोन वर्षांच्या पुढं बहुतेक पोरांना दिवसात एकच झोप लागते, आणि तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान तीही हळूहळू सुटते. जोवर लागते तोवर द्या, फक्त जेवणानंतर लगेच द्या आणि साडेतीनच्या आत उठवा. न झोपवता ठेवलेलं तीन वर्षांचं पोर रात्री लवकर झोपेल असं वाटतं, पण ते सात वाजता इतकं चिडलेलं असतं की झोप त्याला धरताच येत नाही.

हे लक्षात ठेवा, कारण इथं भले भले फसतात. पोराला झोप अनावर झाली की ते पेंगतंच असं नाही. उलट नाचतं, गादीवर उड्या मारतं, विनाकारण हसतं, भावाला बोचकारतं. आजी म्हणते, "बघा, याला कुठं झोप आलीय?" आलेली असते, आणि अर्ध्या तासापूर्वी निसटलेली असते. कान ओढणं, डोळे चोळणं, एकटक बघणं, खेळणं हातातून पडणं ही खरी वेळ. ती आठवडाभर घड्याळात बघून लिहून ठेवा. आमच्या धाकट्याची सव्वाआठ होती. साडेआठ चुकली की थेट दहा.

सात ते नऊ

आपल्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि गाव टीव्ही-मोबाइल बंद ठेवतं. साडेआठला परत भोंगा. पोरांच्या अभ्यासासाठी सुरू केलं त्यांनी, पण मला विचाराल तर झोपेलाही हाच दीड तास लागतो. डोळ्यापुढं उजेड असला की अंगातलं घड्याळ रात्र झाली हे मानतच नाही. आणि मोबाइलवरची कार्टून अशी असतात की एक संपायच्या आत दुसरं सुरू. पोराला थांबायची जागाच मिळत नाही.

आमच्याकडं भोंगा नव्हता. आमच्याकडं माझी आई होती, आणि तिच्या मालिका सात ते साडेनऊ. आईला टीव्ही बंद कर म्हणायची माझी छाती नाही. तोडगा असा काढला की टीव्ही आतल्या खोलीतून बाहेर आणला, पोरं आत. मधलं दार ओढलं. आतली ट्यूब बंद करून पिवळा झिरोचा दिवा. एवढ्यानंच निम्मं काम झालं.

मग शेवटची चार कामं रोज एकाच क्रमानं. आमचा क्रम असा: हातपाय धुणं, लघवी, दोन घोट पाणी, वाकळ आणि गोष्ट. गोष्ट एकच. धाकट्याला मी पाटलाच्या रेड्याची गोष्ट सांगायचो, जी मीच बनवलेली आणि वाईट बनवलेली. रेडा हरवतो, सगळे शोधतात, तो गोठ्यामागंच असतो. चार वर्षं तीच गोष्ट. एकदा मला कंटाळा आला म्हणून रेडा नदीकाठी सापडवला, तर पोरगं उठून बसलं. "गोठ्यामागं असतो, पप्पा!" पुढचा पाऊण तास गेला. नवी गोष्ट पोराला जागं करते, माहीत असलेली झोपवते. अंगाईचंही तसंच आहे, रोज नवीन कोण गातं?

चहाचं एक बोलायलाच पाहिजे. आपल्याकडं चार वर्षांच्या पोराला संध्याकाळी बशीत चहा आणि बटर देतात. चहातलं जे आपल्याला तरतरी देतं ते पोराच्या लहान अंगात पाच-सहा तास राहतं. दूध द्या, नाचणीचं सत्त्व द्या. कोल्ड्रिंक आणि चॉकलेटही संध्याकाळनंतर नको.

आता गाडीत शिकलेली एक गोष्ट. चालत्या गाडीत झोपलेलं पोर गाडी थांबली की जागं होतं. सिग्नलला थांबलो तरी डोळे किलकिले होतात. कारण ज्या हेलकाव्यावर झोप लागली, तो हेलकावा गेला. घरातही अगदी तेच होतं. खांद्यावर थोपटून, झोळीत हलवून, तोंडात दूध देऊन झोपवलेलं पोर रात्री मधेच जागं होतं आणि खांदा, झोळी, दूध शोधतं. रात्री मधेमधे जाग सगळ्यांनाच येते, आपण कूस बदलून परत झोपतो. पोरालाही तसं यायला हवं असेल तर ते पेंगुळलेलं पण जागं असतानाच जागेवर ठेवा, म्हणजे ज्या ठिकाणी झोप लागली त्याच ठिकाणी जाग येते. सहा महिन्यांच्या पुढं हे हळूहळू जमतं. पहिले तीन दिवस शेजारी पडून पाठीवर हात. मग हात काढायचा, नुसतं शेजारी. मग थोडं लांब. दहा-बारा दिवस लागतात आणि तिसरा दिवस सगळ्यात वाईट असतो, त्या दिवशी सोडून देऊ नका. पोराला वेगळ्या खोलीत ठेवून रडू द्या असं काही लोक सांगतात. आमच्याकडं खोल्याच दोन, आणि सगळी एका ओळीत झोपणारी. त्यात बिघडत काही नाही. फक्त तुम्ही डोळे मिटून पडा आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरं देऊ नका. "पप्पा, रेड्याला किती दात असतात?" गप्प राहायचं. लई अवघड जातं.

तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी

नातू झाला तेव्हा विहीणबाईंनी राईची उशी शिवून पाठवली. डोकं गोल होतं म्हणून. सुंदर होती, मऊ मलमलीची, राई निवडून धुऊन वाळवून भरलेली. मंडळीनं ती हातात घेतली, कौतुक केलं आणि कपाटात ठेवली. थोरली म्हणाली, "आई, अगं सासूबाई फोनवर विचारतील." मंडळी म्हणाली, "सांग, कपाट मस्त झोपतंय."

तिचा नियम पक्का आहे. बाळ पाठीवरच झोपवायचं, कुशीवर नाही, पोटावर तर नाहीच. खाली घट्ट सपाट गादी. पहिलं वर्षभर उशी नाही, लोड नाही, जाड दुपटं नाही, मऊ खेळणी नाहीत. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळं पाठीवर झोपवा अशी मोहीम काढली, तर झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहून खाली आली. डोकं गोल व्हायला बाळ जागं असताना आपल्या समोर पोटावर खेळवायचं. मानही धरते. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन आपण झोपून जायचं, हे सगळ्यात धोक्याचं. बाळ आईच्या खोलीतच, पण शेजारी स्वतःच्या जागेवर.

झोळीवरून आमच्यात वाद झाला. मी झोळीतच वाढलो, जुन्या लुगड्याच्या. मंडळीचं म्हणणं, झोळीत लहान बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला अडथळा येतो. म्हणून डोळ्यासमोर, जाग असताना दहा मिनिटं हलवा, रात्रभर त्यात टाकू नका. आणि पोर पालथं पडायला लागलं, की कपड्यात घट्ट गुंडाळणंही बंद.

आणखी एक. सांगलीच्या मे महिन्यात बाळाला कुंची, मोजे, स्वेटर घालून वर वाकळ टाकणारे लोक मी बघितलेत. पाठीला मानेखाली हात लावा. घामेजलेली असेल तर एक कपडा कमी करा.

पहिले सहा-आठ आठवडे बाळाला रात्र-दिवस कळत नाही. तेव्हा "वेळापत्रक" वगैरे काढू नका. दिवसा उजेडात ठेवा, भांड्यांचा आवाज होऊ द्या. रात्री पाजताना दिवा मंद आणि बोलणं बंद. तिसऱ्या महिन्याच्या आसपास घड्याळ लागायला लागतं. आणि बाळ झोपेत तोंड वेडंवाकडं करतं, हसतं, कण्हतं, हात झटकतं, डोळे पापण्यांखाली फिरतात. ते जागं नसतं. त्याची अर्धी झोप असलीच असते. लगेच उचललं तर तुम्हीच जागं करता. दोन मिनिटं बघा, मग उचला. धाकट्यानं मला यावर मोबाइलमधून वाचून दाखवलं होतं: ही डोळे फिरणारी झोप १९५३ मध्ये शिकागोच्या ॲसेरिन्स्की नावाच्या माणसानं जगापुढं मांडली, आणि त्यासाठी तारा लावून झोपवला तो स्वतःचा आठ वर्षांचा पोरगा. "पप्पा, तुम्ही मला नुसती रेड्याचीच गोष्ट सांगितली."

झोपेसाठी काही चाटवू नका. घुटीत जायफळाचे दोन वेढे जास्त घाला म्हणजे गप्प झोपेल, असं सांगणाऱ्या अजून आहेत. जायफळ जास्त झालं की विषारी असतं. एकेकाळी मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया पोरांना अफूची बाळगोळी देऊन जायच्या, त्यांचा नाइलाज होता. आपला नाही. सर्दीचं औषध दिलं की झोपतंय म्हणून प्रवासात देणारेही आहेत. नका देऊ. सहा महिने नुसतं आईचं दूध, पाणीसुद्धा नको, आणि मध वर्षापर्यंत नको.

रात्री ओरडून उठतो तेव्हा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं घर कर्नाळ रोडकडं. व्हॅन उंचावर लावून आम्ही मिरजेला मेहुण्याकडं गेलो, एका खोलीत नऊ माणसं. तिसऱ्या रात्री साडेअकराच्या सुमारास धाकटा ताडकन उठून बसला. डोळे सताड उघडे, अंग घामानं भिजलेलं, छाती धडधडतेय आणि ओरडतोय, "गाडी काढा! गाडी काढा!" मी जवळ घ्यायला गेलो तर मला ढकललं. ओळखलंच नाही. आईला नाही, मामाला नाही. मेहुणी म्हणाली, बाहेरचं आहे. लगेच मीठ-मोहरी उतरवून टाकली. मी त्याचे खांदे धरून हलवत होतो, तसतसा तो जास्त ओरडत होता. दहा मिनिटांनी आपोआप आडवा झाला आणि झोपला. सकाळी विचारलं तर काहीच आठवत नाही. आम्ही आठ जण मात्र उजाडेपर्यंत जागे.

नंतर बालरोगतज्ज्ञांनी समजावलं. झोप लागल्यापासून तास-दोन तासांत असं झालं तर ते स्वप्न नसतं. खूप गाढ झोपेतून अंग अर्धवट जागं होतं, डोकं झोपलेलंच असतं. झोप कमी झाली, ताप आला, जागा बदलली की होतं. अशा वेळी पोराला हलवायचं नाही, तोंडावर पाणी मारायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. आपटणार नाही, जिन्याकडं जाणार नाही एवढं बघत शेजारी बसायचं. दृष्ट काढू नका असं मी म्हणत नाही, मीठ-मोहरीनं पोराचं काही बिघडत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्याला अर्धा तास लवकर झोपवा, खरा उतारा तो. रोज ठरलेल्या वेळेलाच होत असेल तर त्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी हलकेच कूस बदलवून अर्धवट जागं करा.

वाईट स्वप्न वेगळं. ते पहाटेकडं पडतं, पोर पूर्ण जागं होतं, तुम्हाला बिलगतं, सांगतं. तेव्हा जवळ घ्या, दिवा लावा, पाणी द्या. पण एका रात्रीत तीन-चार वेळा झटके आल्यासारखं होतंय, अंग ताठ होतंय, लाळ गळतेय, तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. शब्दांत सांगण्यापेक्षा व्हिडिओचा जास्त उपयोग होतो.

डॉक्टरांकडं कधी

माझ्या गाडीत तिसरीतला एक होता. जाता-येता झोपायचा, तोंड उघडं, घर्र घर्र. बाकीची पोरं त्याला ट्रॅक्टर म्हणायची. बाई म्हणायच्या लक्ष नाही, बाप म्हणायचा आळशी आहे. एकदा मी बापाला बाजूला घेतलं. म्हटलं, "दादा, पोरगं रात्रीही असंच झोपतं का? मधेच श्वास अडकल्यासारखं होतं का?" म्हणाला, होतं की, आमच्या घरात सगळेच घोरतात. मिरजेला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी बघितलं, तर नाकामागच्या गाठी वाढलेल्या. ऑपरेशन झालं. महिन्याभरानं हाच पोरगा गाडीत इतका बोलायला लागला की मला रेडिओ बंद करावा लागला. सर्दीत घोरणं चालतं. पण रोजच घोरणं, तोंडानं श्वास, मान मागं टाकून झोपणं, सकाळी डोकं दुखणं, यातलं काही असेल तर दाखवा.

अंथरूण ओलं करणं पाच-सहा वर्षांपर्यंत आजार नाहीच, सातव्या वर्षीही दहातल्या एखाद्याला होतं. रागावून थांबत नाही, मी शपथेवर सांगतो, माझंच नववीपर्यंत थांबलं नव्हतं. पण सहा महिने कोरडं राहिलेलं पोर परत ओलं करायला लागलं, तहान वाढली, तर तपासा. दात खातंय म्हणजे जंत, हे खरं नाही. जंतांची खूण म्हणजे रात्री बसायच्या जागी खाज. अंगणवाडीत आणि शाळेत १० फेब्रुवारीला जंताची गोळी देतात, त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका.

मोठ्या पोरांबद्दल थोडंच. वयात येताना अंगातलं घड्याळच तासा-दोन तासांनी मागं पडतं, दहाला झोप येत नाही हा त्यांचा नुसता उद्धटपणा नसतो. पण पाचवीच्या पुढं शाळा अजून सातचीच, वर सहाची शिकवणी. आमच्याकडं रात्री साडेनऊला सगळ्यांचे मोबाइल फ्रिजवर चार्जिंगला लागतात. माझाही. हीच अट होती धाकट्याची.

जत्रा, गणपती आणि मे महिना

गणपतीत, लग्नात, जत्रेत पोरं जागणारच. दहानंतर स्पीकर बंद हा कायदा २००० पासून आहे, पण ऐन गणपतीत काही दिवस बारापर्यंत सवलत असते, आणि हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी तर रात्री दोनला जातात. अशा रात्रीनंतर सकाळी फार तर तासभर जास्त झोपू द्या, राहिलेलं दुपारी भरून काढा. पंखा मोठा ठेवला की बाहेरचा आवाज थोडा बुजतो.

खरा घोळ मे महिन्यात होतो. आजोळी गच्चीवर बाराला झोपून नऊला उठणारी पोरं १५ जूनच्या आसपास एकदम माझ्या गाडीत येतात आणि पहिला आठवडा नुसती रडारड. एका दिवसात तीन तास मागं येत नाहीत. दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं, एवढंच. तीन तासांना त्या हिशोबानं २४ दिवस लागतात. म्हणून मी आता २२ मेला गाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकतो: उद्यापासून पोरांना पंधरा मिनिटं लवकर उठवा आणि दारात काढा, झोपायची वेळ आपोआप येईल. गेल्या वर्षी ३१ पालकांपैकी पाच जणांनी अंगठा दाखवला. एकीनं कोकणातून समुद्राचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "मामा, सुट्टी आहे ओ अजून."